‘पन्नास किलोमीटर’ बोलणारा वॉकीटॉकी

धाकट्या बहिणीने परवा रात्री एक संदेश मला पुढे पाठवला आणि खाली लिहिले, ‘दादा, ही जोडी मागवू का? पोरं शनिवारी राजगड-तोरणा करणार आहेत, आणि हे असल्यावर वाटाड्याची गरज नाही म्हणतात.’ संदेशात वॉकीटॉकीच्या जोडीचे छायाचित्र होते आणि त्याखाली दावे होते: पल्ला ५० किलोमीटर, डोंगरात त्याहूनही जास्त, सिम नको, टॉवर नको, पोलीस वापरतात तेच तंत्र, बोलणे कोणालाही ऐकू जात नाही, कसलाही परवाना लागत नाही. हाच मजकूर महिन्याभरात तीन गटांतून माझ्याकडे आला होता आणि तिन्ही वेळा मी तो पुसून टाकला. हौशी बिनतारी परवाना बाळगणाऱ्या माणसाने असल्या जाहिरातींना उत्तरे देत बसायचे ठरवले तर त्याला दुसरे काम उरणार नाही. पण आता भाचा या आकड्याच्या भरवशावर वाटाड्या न घेता निघाला आहे, तेव्हा उत्तर देणे भाग आहे.

पन्नासाचा आकडा हवेतून आलेला नाही. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या संचांच्या वेष्टनावर ‘३५ मैलांपर्यंत’ असे वर्षानुवर्षे छापलेले असते, आणि ३५ मैल म्हणजे ५६ किलोमीटर. त्यातला ‘पर्यंत’ हा शब्द आपल्याकडे येताना गळाला. त्याच देशात या संचांचे नियम करणारे फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन मात्र सर्वसामान्यांसाठीच्या ‘फॅमिली रेडिओ सर्व्हिस’बद्दल स्वतःच सांगते, की या संचांचा नेहमीचा पल्ला अर्ध्या मैलाहून कमी असतो, परिस्थिती अनुकूल असेल तर तो वाढूही शकतो. अर्धा मैल म्हणजे ८०० मीटर. वेष्टन छापणारा ५६ किलोमीटर म्हणतो आणि नियम करणारा ८०० मीटर, यांपैकी कोणाचा शब्द धरायचा हे मी सांगायला नको.

या तफावतीचे कारण संचात नसून पृथ्वीच्या गोलाईत आणि तिच्या चढउतारांत आहे. या संचांच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. जमिनीपासून दीड मीटर उंचीवर, म्हणजे तोंडाशी, धरलेल्या अँटेनाचे बिनतारी क्षितिज, म्हणजे तिच्या लहरी जिथवर सरळ पोहोचतात ती हद्द, सुमारे ५ किलोमीटरवर संपते. समोरचाही तसाच उभा असेल तर दोघांची मिळून मर्यादा १० किलोमीटर होते, आणि तीही शांत समुद्रावर, जिथे मध्ये झाडदेखील नाही. गावात, इमारतींच्या गर्दीत, एक-दोन किलोमीटर मिळाले तर नशीब समजावे. अडसर नसेल तर मात्र याच लहरी अफाट अंतर कापतात, हे अर्धसत्य मला नाइलाजाने मान्य करावे लागेल. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचा १४५.८०० मेगाहर्ट्झवरचा आवाज मी घराच्या गच्चीवर, हातातल्या साध्या संचावर ऐकला आहे. जाहिरातवाल्याने याच कारणाने पन्नास लिहिले असेल, तर ग्राहकाने अंतराळात उभे राहावे ही अट त्याने सांगायला हवी होती.

‘डोंगरात त्याहूनही जास्त’ हा दावा मात्र निव्वळ मूर्खपणाचा आहे, आणि घातकही आहे, कारण तो नेमक्या उलट्या गोष्टीची हमी देतो. उंचीमुळे पल्ला वाढतो हे खरे. पण ज्या डोंगराने तुम्हाला उंची दिली, तोच डोंगर त्याच्या पाठीमागच्या माणसाला तुमच्यापासून तोडतो. आम्ही चार वर्षांपूर्वी डिसेंबरात याच वाटेवर होतो. पुढची दोन मुले पहाटेच निघून तोरण्याच्या बुधला माचीवर पोहोचली होती, मी राजगडाच्या संजीवनी माचीच्या टोकाला होतो, आणि मागे राहिलेले दोघे राजगडावरच, पण पलीकडे सुवेळा माचीवर होते. तिन्ही ठिकाणी अर्ध्या वॅटचे एकसारखे संच होते. दरी ओलांडून बुधल्यावरचा मुलगा इतका स्पष्ट बोलत होता, की त्याच्या मागे कोणी तरी काड्यापेटी मागत असल्याचेही ऐकू आले; सुवेळ्यावरचे दोघे मात्र, एकाच गडावर असूनही, खरखरीपलीकडे गेले नाहीत, कारण मध्ये बालेकिल्ल्याचा कातळ उभा होता. लहरी कड्याच्या माथ्यावरून थोड्याफार वळतात, पण या वारंवारतेला त्या वळणाचा भरवसा धरता येत नाही. ट्रेकमध्ये माणूस हरवतो तो समोरच्या माचीवर नव्हे, तर घळीत, ओढ्यात किंवा रानात, आणि नेमके तिथेच हे यंत्र मुके होते. पावसाला उगाच दोष देऊ नये. या लहरींना पावसाच्या सरींचे फारसे काही वाटत नाही, ओले दाट रान मात्र त्यांना चांगलेच शोषते.

यावर हमखास येणारी सूचना म्हणजे, ‘मग ५ वॅटचा घ्या.’ दहापट शक्तीने मोकळ्या आकाशात पल्ला साधारण तिपटीने वाढतो आणि जमिनीलगत त्याहून बराच कमी. बालेकिल्ल्यापुढे तुमच्या पाच वॅटला कोणी विचारत नाही. संच कमरेला लटकवून बोलण्याऐवजी तोंडाशी उभा धरला आणि चार पावले चढून कड्याच्या धारेवर गेले, तर त्याने फुकटात जास्त फरक पडतो.

पोलीस वापरतात तेच तंत्र, हे खरे असले तरी अपुरे आहे. पोलिसांच्या हातातला संच दूरवर पोहोचतो, कारण एखाद्या टेकडीवर किंवा उंच मनोऱ्यावर रिपीटर बसवलेला असतो, जो क्षीण आवाज पकडून जोरात पुन्हा प्रक्षेपित करतो. म्हणजे ‘टॉवर नको’ म्हणणाऱ्याने उदाहरण टॉवरवाल्याचेच दिले आहे. ‘५००० किलोमीटर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या संचांची गंमत तर याहून मोठी आहे: त्यांत सिम असते आणि ते मोबाइलच्या जाळ्यावरूनच बोलतात, त्यामुळे जिथे फोन बंद पडतो तिथे तेही बंद पडतात. बोलणे गुप्त राहते हा दावाही टिकत नाही. त्याच वाहिनीवर संच लावलेला कोणीही ते ऐकू शकतो, आणि संचात निवडता येणारा ‘प्रायव्हसी कोड’ फक्त इतरांचा आवाज तुमच्या कानावर येऊ देत नाही, तुमचे बोलणे लपवत नाही.

परवान्याबद्दल थोडक्यात सांगतो. भारतात २०१८ च्या नियमांनुसार ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील कमी शक्तीचे, मान्यताप्राप्त संच विनापरवाना वापरता येतात. त्याबाहेरच्या वारंवारतेवर बोलणाऱ्या संचांना सहसा परवाना लागतो, मग विकणारा काहीही लिहो. हा तपशील दडवून ऑनलाइन विक्री इतकी बोकाळली, की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला मे २०२५ मध्ये विक्री संकेतस्थळांना नोटिसा काढाव्या लागल्या आणि त्यापाठोपाठ मार्गदर्शक तत्त्वे जाहीर करावी लागली.

बहिणीला मी कळवले आहे, की जोडी मागवायला माझी हरकत नाही, मात्र मान्यतेचा क्रमांक पाहून मागव आणि पल्ला एक किलोमीटर आहे असेच मुलांना सांग. एक संच सर्वांत पुढच्याकडे आणि दुसरा सर्वांत मागच्याकडे राहील, आणि आवाज तुटला की पुढच्याने तिथेच थांबायचे. वाटाड्या गुंजवण्यातून सोबत घ्यायचा, आणि वेल्ह्याला उतरायची वेळ घरी लिहून ठेवायची.