म्होरके उडवले की कोल्हापूर साफ?

कोल्हापूरच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. सारांश असा: एमडी (मेफेड्रोन, रसायनांपासून बनणारा अमली पदार्थ) आणि गांजाची नशा डोक्यात गेली की पोरं कोयते काढतात, माल सगळा मुंबई-गोव्याकडून येतो, चार म्होरके उडवा, विषय संपला.

नशेपासून सुरुवात करू. नशेत मारामाऱ्या होतातच, कोण नाही म्हणतंय? पण खून कशापायी पडतात, हे अमेरिकेतले संशोधक पॉल गोल्डस्टीन आणि सहकाऱ्यांनी मोजून पाहिलं. १९८८ साली न्यूयॉर्कमध्ये क्रॅक कोकेनचा कहर होता. तपासलेल्या ४१४ खुनांपैकी निम्म्याहून थोडे जास्त ड्रग्ज-दारूशी जोडलेले निघाले, आणि त्यातले जवळपास तीन चतुर्थांश निव्वळ धंद्यातले: हद्दीची भांडणं, बुडवलेली उधारी, खबऱ्या असल्याचा संशय. नशेच्या अमलाखाली झालेले सातांत एक. त्यातही पुढे दारूच, जिच्याबद्दल मेसेजात चकार शब्द नाही! मार्केट यार्डात गुळाच्या अडत्याचे पैसे बुडाले तर तो बाजार समितीत जातो, कोर्टात जातो. एमडीवाला कुठं जाणार? त्याची वसुली कोयत्यानंच होते.

माल बाहेरून येतो म्हणे. नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबई पोलीस माग काढत आले ते आपल्याच चंदगड तालुक्यातल्या ढोलगरवाडीत, एमडीच्या कारखान्यावर. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलीस सांगलीजवळच्या कुपवाडला पोचले, एमडीच्या साठ्यापर्यंत. एमडीला खसखशीचं शेत लागत नाही; आडबाजूची शेड आणि रसायनं पुरतात.

आता म्होरके. मेक्सिकोत डिसेंबर २००६ मध्ये अध्यक्ष फेलिपे काल्देरॉन यांनी लष्कर उतरवलं आणि टोळ्यांचे म्होरके टिपायला सुरुवात झाली. २००९ च्या डिसेंबरात आर्तुरो बेल्त्रान लेव्हा हा बडा म्होरका नौदलाच्या कारवाईत मारला गेला. मग त्याचा भाऊ आणि हाताखालचा माणूस गादीसाठी एकमेकांवर उठले, अकापुल्को शहरात मुडदे पडू लागले. देशात २००७ मध्ये लाखामागे साधारण ८ खून होत होते. २०११ मध्ये २४ च्या आसपास. तेवढ्या बंदुका आपल्याकडे नाहीत, हे नशीब. पण गिऱ्हाईक आणि पैसा जागेवर असेल तर रिकाम्या गादीला वारस इथंही मिळतोच.

ड्रग्जच्या पैशातून घेतलेली मालमत्ता जप्त करायची तरतूद एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यात १९८९ पासून आहे. शेड कुणी दिली, रसायनाची पिंपं कुठल्या बिलावर आली, प्लॉट कुणाच्या नावावर झाला, हे खणून काढावं लागतं. मेलेला म्होरका यातलं काहीच सांगत नाही.