आईने कधी, कुठे आणि कसं पडावं

आईला वृद्धाश्रमात ठेवताना तुम्ही सगळं नीट पाहिलंच असेल. शहरापासून तीस किलोमीटरवरची शांतता, आंब्याची झाडं, आवारातला मारुती, बिनसाखरेचा चहा. माहितीपत्रकात 'चोवीस तास वैद्यकीय देखरेख' असंही छापलं होतं. म्हणजे रक्तदाबाचं यंत्र आणि त्याचा पट्टा बांधणाऱ्या एक मावशी. आता आईला एवढंच समजावून सांगा, की पडायचंच झालं तर मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला पड. रविवारी रात्री बाथरूममध्ये घसरण्याची हौस नको.

पडलीच, तर एक्स-रे लागेल. पाय आखूड दिसतोय का, पाऊल बाहेर वळलंय का, हे मावशींनाही दिसतं. पण खुबा मोडलाय हे म्हणायला फिल्म लागते, आणि फिल्म यंत्राशिवाय निघत नाही. बरं, यंत्राला चाकं असतात. रुग्णालयात त्याचं नावच मुळी 'मोबाईल एक्स-रे'. ते आयसीयूतून वॉर्डापर्यंत जातं आणि तिथे दमतं. पुढचे तीस किलोमीटर ज्याला चाकं नाहीत त्याने यायचं, अशी पद्धत आहे.

तर आईला आणा. जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर अडकतं, म्हणून तिला प्लास्टिकच्या खुर्चीत चादरीने बांधून उतरवा. रुग्णवाहिका 'निघालीच आहे' असं तिसऱ्यांदा ऐकल्यावर तुमच्याच गाडीत मागच्या सीटवर पाय दुमडून निजवा. गतिरोधक मोजत बसू नका. अशा फ्रॅक्चरची शस्त्रक्रिया शक्यतो 48 तासांत व्हावी असं डॉक्टर म्हणतात. म्हणजे वेळ भरपूर आहे.

घरी येऊन एक्स-रे काढून देणारेही पुण्या-मुंबईत आहेत. त्यांना जरूर फोन करा. पत्ता सांगेपर्यंत फार गोड बोलतात.

सरकारही मागे नाही. 7 डिसेंबर 2024 ला क्षयरोगाची शंभर दिवसांची मोहीम सुरू झाली, तेव्हा हातात धरायची एक्स-रे यंत्रं लोकांच्या दारापर्यंत न्यायचं ठरलं, आणि साठीपुढची मंडळी तपासणीच्या यादीत होती. मोहीम चांगलीच आहे, त्यात चेष्टा नाही. फक्त यंत्र छातीसाठी येतं. खुब्याचं अजून राष्ट्रीय पातळीवर काही ठरलेलं नाही.

सत्तरी ओलांडली असेल तर आयुष्मान कार्ड काढून ठेवा, वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे. ते भरती झाल्यावर. भरती करायचं की नाही हे ठरवणारा एक्स-रे आश्रमातल्या खाटेवरच काढून घेतलात, तर तो लाड तुमच्या खिशातून. शिवाय आई-वडिलांच्या सांभाळाच्या 2007 च्या कायद्यात ज्येष्ठांसाठी रुग्णालयात वेगळी रांग लिहिलेली आहे. रांगेपर्यंत कसं पोचायचं, ते लिहायचं राहिलं.

पाच तासांनी डॉक्टर फिल्म उजेडासमोर धरून म्हणतील, "हाड शाबूत आहे, मुका मार आहे. उगाच कशाला हलवलंत त्यांना?" वाद घालू नका. आईला पुन्हा मागच्या सीटवर दुमडा आणि फिल्मचं मोठं पाकीट पुढच्या सीटवर आडवं ठेवा. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं : घडी घालू नये.