‘शून्य कमिशन’ म्हणजे स्वस्त नव्हे

‘शून्य कमिशन असलेल्या ठिकाणीच चलन घ्या’ हा परदेश प्रवासासाठी परकीय चलन घेण्यावरच्या तुमच्या लेखातला सल्ला पटला नाही. कमिशन नसलं तरी नफा दरात घातलेला असतोच. विचारायचं एवढंच: हजार डॉलरला जीएसटीसकट एकूण किती रुपये द्यायचे? हाच प्रश्न बँकेत आणि दोन-तीन परवानाधारक मनी चेंजरकडे विचारा, तोही प्रवासाच्या आठवडाभर आधी. विमानतळावर घासाघीस करायला वेळच नसतो.

थायलंडला जाताना आम्ही इथून बाथ (थाई चलन) न घेता शंभर डॉलरच्या कोऱ्या नोटा नेल्या आणि बँकॉक शहरात बदलल्या. तिथे मोठ्या नोटांना सुट्या डॉलरपेक्षा जास्त दर मिळतो. हे लेखात यायलाच हवं होतं. आणि परदेशात कार्ड मशीनने ‘रुपयांत की स्थानिक चलनात?’ विचारलं, तर कृपया स्थानिक चलनच निवडा.