डेंग्यूची गोळी

संध्याकाळी मेडिकलमध्ये माझ्या पुढे एक आजोबा उभे होते. नातवाला डेंग्यू निघालाय, "डेंग्यूची गोळी द्या" म्हणाले. काउंटरवरचा पोरगा चक्क हसला. "तशी गोळी नसते हो काका," म्हणत त्याने पॅरासिटामॉलची स्ट्रिप पुढे सरकवली.

घरी येऊन चहा झाला तरी ते हसू डोक्यातून जाईना, म्हणून लिहितेय.

तीन वर्षांपूर्वी बाबांच्या वेळी मीही हेच विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, असं औषध नाही, पाणी पाजत राहा आणि लिहून ठेवा. भाचीच्या गणिताच्या वहीत, मागच्या पानावर मी दोन रकाने आखले. प्यायले किती, लघवी किती. पहाटे तीन, शहाळं, १०० मिली. पाचव्या दिवशी ताप उतरला, आम्हाला हायसं वाटलं, तर डॉक्टर म्हणाले, खरी काळजी आता. चंद्रावर यान उतरवणाऱ्या देशात बाबांचा जीव चौकटीच्या वहीवर!

आणि गोळी अगदीच नव्हती असंही नाही. जॉन्सन अँड जॉन्सनकडे होती, मॉसनोडेनविर. विषाणूला पेशीत स्वतःच्या प्रती काढायला त्याची दोन प्रथिनं जुळावी लागतात, ही गोळी ती जोडीच जमू देत नाही. प्रयोगशाळेत डेंग्यूच्या चारही प्रकारांवर चालली. अमेरिकेत निरोगी स्वयंसेवकांना आधी गोळ्या देऊन मग मुद्दाम डेंग्यूचा सौम्य विषाणू टोचला. जास्त डोसवाल्या दहांपैकी सहांच्या रक्तात तो सापडलाच नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीने पुढची चाचणी बंद केली. गोळी घातक निघाली म्हणून नव्हे. कंपनीचे प्राधान्यक्रम बदलले म्हणून! डेंग्यूच्याच कुळातल्या हिपॅटायटिस सीवर बऱ्या करणाऱ्या गोळ्या निघाल्या, कारण तिकडे एका कोर्सला ८४ हजार डॉलर मोजणारे होते. आपल्याकडे कोण मोजणार? ते आजोबा?

मान्य, काम सोपं नाही. ताप चढून रिपोर्ट हातात येईपर्यंत विषाणूचा जोर ओसरायला लागलेला असतो, गोळी द्यायची कधी? बालापिराविर, क्लोरोक्विन ही औषधं डेंग्यूच्या रुग्णांवर फसलीच. आणि हो, कुंड्यांखालच्या ताटल्या आपणही उपड्या करत नाही, माझ्यासकट. पण १९५२ पासून विषाणूंवर काम करणारी संस्था ज्या पुण्यात आहे, तिथल्या माणसाने दरवर्षी पपईच्या पानांचा रस वाटत बसायचं? बाबांनाही पाजला होता मी. कडूजहर. काकू घेऊन आल्या, नाही कसं म्हणणार.

त्या पोराचं तरी काय चुकलं म्हणा. विशीतला असेल, दिवसभर हेच ऐकत असेल.

आजोबा पायरीवर थांबले होते. मी म्हटलं, काका, ब्रुफेन, ॲस्पिरिन अजिबात देऊ नका, आणि एक वही करा. त्यांनी खिसे चाचपले, मग मागे वळून त्याच पोराकडे पेन मागितलं. त्याने बिलबुकाचं एक कोरं पानही फाडून दिलं.