रशियन संगीतावर व्याख्यान ठोकायचंय?

शनिवारी आमच्या भागातल्या एका रसिक मंडळात ‘रशियन अभिजात संगीताचा उदय’ ऐकून आलो. दीड तास. त्यात संगीत अकरा मिनिटं. घड्याळ लावूनच बसलो होतो. तरी वक्त्यांना शाल-श्रीफळ मिळालं, म्हणजे तुम्हालाही मिळेल. त्यासाठी ही शिदोरी.

सुरुवात बर्फाने करावी. तिकडे थंडी फार, म्हणून माणसं उदास, म्हणून सूर उदास. झालं रसग्रहण! इटालियन ऑपेराला, म्हणजे गायलेल्या नाटकाला, सोकावलेल्या पीटर्सबर्गात संगीतकार ग्लिंकाने १८३६ साली ‘झारसाठी प्राणार्पण’ हा ऑपेरा रंगमंचावर आणला, त्यात लोकगीतांची वळणं आली आणि काही उमरावांनी ‘हे तर गाडीवानांचं संगीत’ म्हणून नाकं मुरडली, असल्या भानगडीत पडू नये. बर्फ पुरतो.

मुसॉर्गस्की हे संगीतकाराचं नाव उच्चारता येत नसेल तर खोकावं.

फोटो कोणाचाही चालतो. आमच्याकडे संगीतकार बोरोदिन म्हणून पडद्यावर मेंडेलीव झळकला. दोघेही रसायनशास्त्रज्ञ, दोघांची ओळखही होती. एवढं जुळतंय तर कशाला खळखळ?

‘१८१२’ हे ओव्हर्चर, म्हणजे वाद्यवृंदाची एक छोटेखानी रचना, नेपोलियनच्या त्या सालच्या रशियावरील स्वारीबद्दलची. ती चायकोव्हस्कीने युद्ध पाहून लिहिली, असं बिनधास्त सांगावं. त्याचा जन्म १८४०चा. असू दे. तोफा धडाडत असताना सनावळी कोण तपासतंय?

मग येतात ‘ते पाच जण’, म्हणजे रशियन वळणाचं संगीत घडवू पाहणारा पाच संगीतकारांचा गट. त्यांना ‘हौशी मंडळी’ म्हणावं आणि डोळा मिचकावून पुढे जोडावं, “म्हणजे आपल्यासारखीच!” आमच्याकडे यावर हशा पिकला. आपल्यासारखीच? बालाकिरेव त्यांचा म्होरक्या. क्युई किल्लेबंदी शिकवणारा लष्करी अभियंता, मुसॉर्गस्की सरकारी नोकरीत, बोरोदिन वैद्यकीय अकादमीत प्राध्यापक. ‘प्रिन्स इगोर’ हा ऑपेरा त्याने १८६९ साली हातात घेतला आणि १८८७ साली मेला तेव्हाही तो अपुराच होता, कारण प्रयोगशाळा आणि विद्यार्थी सांभाळून उरेल तो वेळ संगीताला. आणि रिम्स्की-कोर्साकोव्ह! नौदलातला अधिकारी. आन्तोन रुबिनस्टाईनने १८६२ साली काढलेल्या पीटर्सबर्गच्या कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे संगीत महाविद्यालयात, त्याला १८७१ साली, सत्ताविसाव्या वर्षी, थेट प्राध्यापक नेमलं. तोवर सिम्फनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची मोठी रचना, लिहून नाव झालं होतं, पण हार्मनीचं, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचं, शास्त्र आपल्याला धड येत नव्हतं, हे त्याने स्वतः आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. मग या गृहस्थाने काय केलं? खोकला? नाही हो! वर्गात शिकवायचा आणि घरी पोरासारखा धडे गिरवायचा. फ्यूगवर फ्यूग (एकच धून एकामागून एक आवाजांत गुंफायची कठीण रचना) लिहून काढले, त्यातले काही तपासायला चायकोव्हस्कीकडे धाडले. प्राध्यापक असून! पुढे ग्लाझुनोव्ह आणि स्त्राविन्स्की हे संगीतकार त्याच्या हाताखाली तयार झाले ते उगाच नाही. आणि तुमचा गृहपाठ किती? मोबाइलवर आलेली एक क्लिप?

असो. शेवट चायकोव्हस्कीच्या ‘पॅथेटिक’ सिम्फनीने करावा. वक्त्यांनी तिसऱ्या भागाचा शेवट लावला. काय तो दणका! टाळ्या पडल्या. त्यांनी लॅपटॉप मिटला, “१८९३ साली ही सिम्फनी पहिल्यांदा झाली आणि नवव्या दिवशी तो गेला बरं का,” असा हळवा सूर लावला आणि धन्यवाद म्हणाले. मी मागून ओरडलो, “अहो, अजून एक भाग आहे!” संयोजक म्हणाले, “काका, चहा गार होतोय.”

चौथा भाग कोणी लावलाच नाही. ज्याच्यासाठी ती सिम्फनी ऐकायची तो भाग. त्यात टॅम-टॅम या मोठ्या घंटेसारख्या थाळीचा एकच ठोका पडतो, ट्रॉम्बोन ही पितळी वाद्यं हळूच काही पुटपुटतात आणि सगळं चेलो-बास या मोठ्या तंतुवाद्यांच्या खर्जात विझत जातं. तिसऱ्या भागानंतरच्या टाळ्या ही जगभर होणारी चूक, श्रोत्यांना माफ. पण तुम्ही वक्ते होतात! आदल्या रात्री एकदा, एकदाच, पूर्ण ऐकली असतीत तर कळलं असतं. पाऊण तास लागतो. तेवढाही नव्हता तर होकार कशाला दिलात? आणि संयोजक, चौथ्या भागाला दहा-बारा मिनिटं लागतात. चहा पुन्हा गरम करता आला असता.