सेखोंचं विमान मिग नव्हतं, आणि स्क्वाड्रनही मोडीत निघालेली नाही

साताऱ्यातल्या ग्रुपांवर मिग-२१ चा फोटो लावून मेसेज फिरतोय: 'परमवीर सेखों याच विमानातून लढले, त्यांची १८ नंबरची स्क्वाड्रन कायमची बंद झाली.' दोन्ही चूक. हवाई दलाचे वैमानिक निर्मलजीत सिंग सेखों यांच्या परमवीर चक्राच्या मानपत्रातच आहे: १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरच्या धावपट्टीवर पाकिस्तानची सहा सेबर विमानं चालून आली, आणि हल्ला चालू असतानाच सेखोंनी नॅट हवेत नेलं. नॅट म्हणजे एवढंसं विमान, फोटोतल्याशी काही संबंध नाही. स्क्वाड्रन, म्हणजे हवाई दलाची विमानांची तुकडी, २०१६ मध्ये थांबवली होती खरी. घोळ तिथूनच झाला असावा. पण मे २०२० मध्ये तमिळनाडूतल्या सुलूरला ती तेजस लढाऊ विमानं घेऊन पुन्हा उभी राहिली, हे हवाई दलानेच जाहीर केलंय. सैनिक स्कूलच्या गावातून तरी हा मेसेज पुढे ढकलू नका. पाठवणाऱ्यालाही कळवा.