पोट रिकामे होते, मग ३१८ साखर आली कुठून?

“दादा, पोरीनं कालपासून कायीच खाल्लं नाही, मंग सुई कायले देऊ?” दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातून धाकट्या बहिणीचा गेल्या आठवड्यात सकाळीच फोन आला. तिची बारा वर्षांची मुलगी टाइप १ मधुमेहामुळे इन्सुलिनवर आहे, आणि तापाने फणफणलेल्या त्या मुलीची रात्रीची सुई चुकली ती बचत गटाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरणाऱ्या एका संदेशामुळे. त्यात ठासून सांगितले आहे की, आजारपणात मूल जेवत नसेल तर इन्सुलिन बंद ठेवावे. तोंडाला फळासारखा वास येऊ लागला की शरीरातले विष बाहेर पडते आहे असे समजावे. ओआरएस साखरेचे असल्याने देऊ नये. आणि कारल्याचा रस पाजून इन्सुलिनची सवय मोडावी.

पहिला मुद्दा बहिणीच्या ग्लुकोमीटरनेच खोडला. रात्रभर मुलीच्या पोटात दोन घोट पेजेपलीकडे काही गेले नव्हते, तरी सकाळचा आकडा होता ३१८, म्हणजे फारच जास्त. ताप आला की शरीरात कॉर्टिसोल, अ‍ॅड्रेनलिन ही संप्रेरके वाढतात, त्यामुळे यकृत स्वतःच साखर तयार करून रक्तात सोडत राहते, आणि ती पेशींत शिरू देणारे इन्सुलिन या मुलांच्या शरीरात जवळपास बनतच नाही. मग शरीर चरबी जाळते, त्यातून तयार होणारी कीटोन नावाची द्रव्ये साचतात, रक्त आम्लधर्मी होते, उलट्या सुरू होतात. आणि उलट्या होतात म्हणून घरचे पुन्हा सुई टाळतात. मुलांच्या मधुमेहावर काम करणाऱ्या ‘आयस्पॅड’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना याबाबत निःसंदिग्ध आहेत: आजारपणात इन्सुलिन पूर्णपणे कधीही बंद करायचे नाही, आणि तापात तर ते अनेकदा नेहमीपेक्षा जास्तच लागते.

संदेशातल्या या पहिल्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. जुलाब-उलट्यांत साखर खाली जाऊ शकते, आणि जेवणच नसेल तर जेवणाआधीचा पूर्ण डोस देणे धोक्याचे ठरते. अशा वेळी डॉक्टरांना विचारून डोस २० ते ५० टक्क्यांनी कमी करतात आणि साखरपाणी घोटघोट पाजतात. रात्रीचे, दिवसभर पुरणारे इन्सुलिन मात्र शून्यावर आणत नाहीत.

दुसरा मुद्दा वाचून संताप आवरला नाही. पिकून उतरलेल्या फळासारखा तो वास अ‍ॅसिटोनचा, म्हणजे कीटोनचाच असतो. त्याच्या जोडीला खोल, जोराचा श्वास आणि गुंगी दिसली तर मूल कीटोअ‍ॅसिडोसिसमध्ये, म्हणजे कीटोन साचून रक्त आम्लधर्मी झाल्याच्या जीवघेण्या अवस्थेत, गेलेले असू शकते. ज्या खुणेवर आईने यवतमाळला न्यायला गाडी बोलवायची, त्याच खुणेवर हा संदेश तिला निश्चिंत बसायला सांगतो! बहिणीने लघवीची पट्टी तपासली तेव्हा ती जांभळट झाली होती, म्हणजे कीटोन साचू लागले होते. वास मात्र आला नव्हता, हे नशीब.

ओआरएसबद्दल थोडक्यात: जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटरमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते, म्हणजे पेलाभर द्रावणात चहाचा एक चमचाही साखर नाही. खोक्यातली फळांच्या चवीची गोड पेये ही वेगळी गोष्ट, ती ओआरएस नव्हेत.

कारल्याच्या रसावर शब्द खर्च करण्यात अर्थ नाही; इन्सुलिन ही मोडायची सवय नव्हे, या मुलांचे जगणेच त्यावर आहे. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोत १४ वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला इन्सुलिनची पहिली सुई मिळाली. त्याआधी अशा मुलांना उपासावरच ठेवत, आणि तरीही ती दगावत.

त्या दिवशी डॉक्टरांनी फोनवर वाढीव डोस सांगितला, दर तीन तासांनी साखर व कीटोन तपासायला लावले आणि उलट्या दोन तासांहून अधिक चालल्या तर थेट दवाखाना गाठा, असे बजावले. संध्याकाळपर्यंत आकडा १७० वर आला. बहिणीने सकाळच्या ३१८ चा फोटो त्याच ग्रुपवर टाकला आहे. संदेश मात्र अजून कोणी काढलेला नाही.